डावीकडे जमिनीवरूनच

३ तारीख, सोमवार

शिट्टीसंबंधी माझी तक्रार आहे. ती योग्य त्या गांभीर्याने ऐकून घेणारा कोणी घरात नाही, कचेरीत नाही, म्हणून ही वही. सदर शिट्टी प्लास्टिकची असून तिच्या तोंडावर माझ्या मेहुण्याचे वरचे चार आणि खालचे तीन दात कायमचे उमटलेले आहेत. मी ती दोनदा उकळली. दुसऱ्या उकळीला ती वाकली. आता तिच्यातून जो ध्वनी निघतो त्याला शिट्टी म्हणणे हा भाषेवर अन्याय होईल. तो सुस्कारा आहे. या सुस्काऱ्याच्या बळावर मला अठरा बायकांना शिस्त लावायची आहे.

हे कसे झाले ते लिहून ठेवतो. बायकोचा धाकटा भाऊ गेली नऊ वर्षे इथल्या महिला फुटबॉल संघाचा प्रशिक्षक आहे. मी त्याच्याही आधीपासून, बावीस वर्षे, वर्तमानपत्राचा क्रीडा-वार्ताहर. या नऊ वर्षांत मी किमान साठ वेळा छापून सांगितले की हा संघ अर्धेच मैदान वापरतो. चेंडू उजवीकडे जातो, उजवीकडेच राहतो आणि उजवीकडेच त्याचे देहावसान होते. गेल्या बुधवारी मेहुणा गोलची जाळी बांधायला स्टुलावर चढला आणि उतरायची पद्धत विसरला. गुडघ्याची वाटी फुटली, सहा आठवडे प्लास्टर. लगेच क्लबच्या सेक्रेटरीचा फोन. "साहेब, तुम्हाला तर सगळं कळतंच. सोळा तारखेपर्यंत तुम्हीच बघा." हे वाक्य त्याने इतक्या आदराने उच्चारले की त्यातला सूड मला फोन ठेवल्यावर कळला.

सोळाला सामना आहे. जिंकणारा वरच्या गटात जाईल.

माझी मुलगी या संघात डाव्या कडेला खेळते. वय तेवीस, दिवसभर एका प्रयोगशाळेत कवळ्या बनवते. मैदानावर ती डाव्या रेषेपाशी उभी असते, फोटोत न मावणाऱ्या नातेवाइकासारखी. चेंडू तिच्याकडे येत नाही. याला जबाबदार तिचा मामा.

४ तारीख, मंगळवार

मेहुण्याकडे जाऊन त्याची सरावाची वही आणली. पाय उशीवर, हातात रिमोट, चेहऱ्यावर हुतात्म्याचे तेज.

"भाऊजी, एक सांगू का?"

"सांग. ऐकेन असं नाही."

"डावीकडे उंच चेंडू नको. जमिनीवरून काय ते करा."

"का?"

तो टीव्हीकडे बघत राहिला. टीव्हीवर साबणाची जाहिरात होती. "नको म्हणजे नको. मी कधी तुम्हाला काही मागितलंय का?"

"दोनदा गाडी आणि एकदा सूट."

"ते सोडा हो."

वही घरी येऊन उघडली. अक्षर असे की मुंग्यांना शाईत बुडवून मोकळे सोडावे. शेवटच्या लिहिलेल्या पानांपैकी एकावर मोठ्या अक्षरांत, खाली दोन रेघा मारून: 'डावीकडे जमिनीवरूनच.' आधीची पाने फिकट निळी, हे वाक्य मात्र काळ्या ताज्या शाईत. कारण कुठेही दिलेले नाही. माझे संस्कृतचे गुरुजी कारणावाचून सूत्र सांगणाऱ्याला वर्गाबाहेर उभे करत. मी त्या ओळीवर सरळ रेघ मारली आणि वर लिहिले: पार्श्वपरिवर्तन.

ज्या बाजूला गर्दी झाली आहे तिथून चेंडू झटक्यात मोकळ्या बाजूला नेणे, एवढाच त्याचा अर्थ. शत्रू सगळे उजवीकडे जमलेत, डावीकडे एक बाई एकटी उभी आहे, तर चेंडू तिला द्यावा. हे समजायला व्याकरण शिकावे लागत नाही, पण मेहुण्याला नऊ वर्षांत जमले नाही.

६ तारीख, गुरुवार

आज सराव नुसता पाहिला. सगळ्याजणी मेहुण्याला 'मामा' म्हणतात, कारण माझी मुलगी म्हणते. त्याच न्यायाने मला 'बाबा' म्हणायला हवे होते. मला 'काका' केले. नऊ वर्षे मी ज्यांच्यावर लिहिले त्यांनी मला काका करावे, हा अपमान इतका सहज होता की निषेध नोंदवायला जागा सापडेना.

खेळाविषयी. उजवीकडे गर्दी झाली की यांना चेंडू डावीकडे न्यायचा असतो, एवढे त्यांना कळते. पण नेतात कसा? मागे गोलरक्षकाकडे, तिथून एकीला, तिथून दुसरीला, छोटे छोटे पास, जमिनीवरून. शाळेच्या चहापानात बशा पुढे सरकवतात तसे. चेंडू डावीकडे पोचेस्तोवर शत्रू आधीच तिथे जाऊन, विश्रांती घेऊन, ताजा होऊन उभा.

आणि मधोमध खेळणारी ती पोस्टातली! दिवसभर शिक्के मारते आणि संध्याकाळी चाळीस पावलांवरून चेंडू हव्या त्या माणसाच्या छातीवर टाकते. उजवीकडे तिने असे सहा चेंडू टाकले. डावीकडे एकही नाही. मी विचारले.

"डावीकडे नाही मारत आम्ही काका."

"पाय वळत नाही का?"

"वळतो की. नाही मारत."

"कारण?"

तिने गोलरक्षकाकडे पाहिले. गोलरक्षक सरकारी दवाखान्यात नर्स आहे, दंडाने दार अडवेल अशी. तिने बुटाची नाडी बांधायला घेतली, जी सुटलेली नव्हती. अंधश्रद्धा, दुसरे काय? खेळाडूंच्यात असते. कोणी डावा मोजा आधी घालतो, यांनी डावीकडचे आकाश वर्ज्य केले आहे.

माझ्या कन्येबद्दल लिहायचे तर, चेंडू उजवीकडून येताना ती पूर्ण मान वळवून त्याच्याकडे बघते. कोंबडी दाण्याकडे बघते तशी. ही सवय तिला दोन महिन्यांत लागली असावी, पूर्वी नव्हती. परतताना क्लबच्या पायऱ्यांवर शेवटची पायरी चुकली. मी म्हणालो, "चालताना जमीन बघण्याची पद्धत आहे." ती हसली नाही. हल्ली हिचा विनोद आटला आहे.

८ तारीख, शनिवार

जेवणाच्या टेबलावर योजना मांडली. सोंगट्या हव्या होत्या, मुलीच्या पिशवीत नापास झालेले दात सापडले. अकरा दाढा आमच्या, अकरा सुळे त्यांचे. बायको म्हणाली, "तिथे मी भाजी चिरते." मी म्हणालो, "इथे इतिहास घडतोय." तिने दोन दात मिठाच्या बरणीमागे सरकवून भाजी चिरायला घेतली. ते दोघे ऑफसाइड झाले.

योजना अशी: मैदानाचे उभे तीन पट्टे. दोन्ही टोकांच्या पट्ट्यांत दोन दोन छोटे गोल. एका पट्ट्यात सहापेक्षा जास्त जणी जमल्या की मी सुस्कारा सोडणार आणि चेंडू एकाच फटक्यात पलीकडच्या पट्ट्यात गेला पाहिजे. मधल्या पट्ट्यात टप्पा पडला तर गुण नाही, कारण टप्पा म्हणजे उशीर. शेवटी तीस चेंडू सलग, पोस्टवालीकडून डाव्या कडेला, हवेतून.

मुलगी चहा ओतत होती. कपाच्या आत बोटाचे टोक धरून ओतते, चहा बोटाला लागला की थांबते. भाजत कसे नाही? मी म्हणालो, "ही काय रीत? पाहुण्यांसमोर करू नकोस."

"बरं."

मग दातांकडे बघून म्हणाली, "हा शेवटचा मी का?"

"हो."

"तीसही उंच?"

"तीसही. आणि ज्यांना घेता येणार नाहीत त्या सोळाला बाकावर. माझी मुलगी म्हणून सवलत नाही, नाहीतर लोक म्हणतील."

"लोक काय म्हणतील ते तुम्हीच लिहिता ना बाबा," ती म्हणाली. वाक्य बरे होते. मी तसे म्हणालोही. मग ती बराच वेळ त्या एका दाढेकडे बघत बसली आणि म्हणाली, "सोळाला मला खेळायचंय. बाकी काही नाही. घेते मी तीस."

बायकोने मध्येच विचारले, "तुझा डोळा का लाल दिसतोय गं?" मी म्हणालो, दातांचा भुसा गेला असेल. मुलगी म्हणाली, तसंच असेल.

मला समाधान वाटले. वादविवाद न होता निर्णय होणे हे या घरात दुर्मीळ आहे.

११ तारीख, मंगळवार

सराव झाला. यशस्वी झाला असे लिहायला हरकत नाही, फक्त कौतुक करायला कोणी थांबले नाही.

पट्ट्यांचा खेळ अर्धा तास. पहिल्या दहा मिनिटांत त्यांना काही कळले नाही. विसाव्या मिनिटाला बेकरीत काम करणाऱ्या त्या उजव्या विंगरने, जिच्याकडे नऊ वर्षे चेंडू वस्तीला असतो, चक्क मान वर करून पलीकडे पाहिले. मला माझ्या साठ लेखांचे सार्थक झाल्यासारखे वाटले. पण चेंडू उडवायच्या वेळी प्रत्येकीचा पाय अडखळे. पुन्हा मागे, पुन्हा बशा.

मग तीस चेंडू. पोस्टवाली चेंडूवर पाय ठेवून उभी. मारेना.

"मार ना."

"काका, मी दुसरीकडे मारू का?"

तेवढ्यात नर्स गोल सोडून चालत आली. "काका, तिला आज उजवीकडे घ्या. नाहीतर मला घ्या डावीकडे. तिला हवेतले नकोत."

"का? ती काय काचेची बनवलीय?"

नर्सने माझ्या मुलीकडे पाहिले. मुलीने मान हलवली, नाही अशी. मग मोठ्याने ओरडली, "असू दे गं! मार तू!"

पोस्टवालीने मारला. पहिला हातभर मागे पडला. दुसरा खांद्यावर. तिसऱ्याच्या खाली ती नुसतीच धावली आणि तो तिच्यामागे टप्पा खाऊन रेषेबाहेर. बारा चेंडूंत एकही नीट नाही. जी मुलगी सात वर्षांची असताना गच्चीवर टेनिसचा चेंडू डोक्यावर वीस वेळा नाचवायची! मी रेषेपलीकडून म्हणालो, "कवळ्याही अशाच अंदाजाने बसवतेस काय? मग गिऱ्हाईक जेवते कशाने?"

वाक्य चांगले होते, पण कोणी हसले नाही. एरवी मामाच्या रद्दड विनोदांना या खिदळतात.

एकोणिसावा चेंडू. ती थांबली, मान वळवली, दोन पावले मागे आली आणि पुढे झेपावून कपाळाच्या मधोमध घेतला. काय आवाज झाला! चेंडू थेट छोट्या गोलात. मी शिट्टीऐवजी टाळी वाजवली. तिने क्षणभर उजवा डोळा मिटून धरला, मग म्हणाली, "पुढचा."

नर्सने हातमोजे काढून जमिनीवर टाकले आणि निघून गेली. मत्सर, दुसरे काय? शेवटच्या अकरांपैकी सात मुलीने डोक्याने घेतले. सात! माझा सिद्धांत सिद्ध झाला. उंच चेंडू तिला येत नव्हता, कारण तो तिला कोणी देतच नव्हते.

मेहुण्याचे तीन फोन येऊन गेले. उचलले नाहीत. पराभूतांची समजूत काढण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतो.

१२ तारीख, बुधवार

मुलगी कामावर गेली नाही. डोके दुखते म्हणाली. खोलीतले पडदे ओढून पडली आहे. खेळाडूने थोडे सोसावे. मी संघ निवडला. डावी कड: कन्या. पक्के.

मेहुण्याचा चौथा फोन बायकोने घेतला. तो तिला काय म्हणाला कोण जाणे. ती मुलीच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतले.

१३ तारीख, गुरुवार

सकाळी सातला नर्स दारात. दवाखान्याच्या कपड्यांत, रात्रपाळी संपवून थेट. मला बाजूला सारून आत गेली. सारून म्हणजे अक्षरशः, दंडाने.

मुलगी पलंगावर बसली होती. डावा डोळा तळव्याने झाकला होता आणि उजव्याने भिंतीकडे बघत होती.

"किती?" नर्सने विचारले.

"खालचं दिसतं. वरून काळं उतरत आलंय. पडद्यासारखं."

"कधीपासून?"

"काल दुपारी. आधी वीज चमकल्यासारखं व्हायचं."

"आणि मला आत्ता फोन करतेस?"

"परवा सामना आहे म्हणून..."

"परवा नाही, रविवारी आहे. चल, बूट घाल. नको, तू वाकू नकोस. मी घालते."

मी विचारले, काय झालेय? नर्स गुडघ्यावर बसून माझ्या मुलीच्या पायात बूट घालत होती. मग मान वर न करता म्हणाली, "काका, गाडी काढा."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी माझ्याशी पाच मिनिटे बोलून घेतले. दोन महिन्यांपूर्वी सरावात एकीचे कोपर लागले होते. उजव्या डोळ्याच्या आतल्या पडद्याला भोक पडले. तेव्हा त्यांनीच लेझरने त्याच्या कडा डागून दिल्या. सांगितले होते, तीन महिने खेळ बंद, डोक्याला धक्का नको. सोबत नर्स होती. घरी कळवा म्हटले, तर मुलगी म्हणाली, कळवते.

"तिने खेळ बंद केला नाही," मी म्हणालो.

"ते दिसतंय. डोक्याला काही लागलं का नुकतंच?"

मी आकडा सांगितला. एक अधिक सात. डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. बावीस वर्षांत माझ्या कोणत्याही वाक्यावर कोणी असे पेन खाली ठेवलेले नाही.

१४ तारीख, शुक्रवार

सकाळी शस्त्रक्रिया झाली. डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला आहे, तो पडद्याला मागे दाबून धरेल. त्यासाठी तिने दहा दिवस तोंड खाली करून राहायचे. झोपताना, बसताना, जेवताना. दिसेल की नाही? "निम्मी शक्यता धरा." निम्मी म्हणजे काय, हे मी विचारले नाही. एरवी अशा मोघम विधानावर मी एक अख्खा परिच्छेद लिहिला असता.

मेहुणा कुबड्यांवर आला. दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी, प्लास्टरचा पाय समोर लांब करून.

"मी म्हटलं होतं ना, नको."

"कारण नाही सांगितलंस."

"कारण तिचं होतं भाऊजी. माझं असतं तर सांगितलं असतं. तिने शपथ घातली होती. मी म्हटलं, मग डावीकडे चेंडू जमिनीवरून. पोरींनाही तेच सांगितलं. दोन महिने सांभाळलं आम्ही." मग म्हणाला, "मीही चुकलोच. खेळवायलाच नको होतं. पण ती रडली हो. अशी रडली की काय सांगू."

ती रडली, हे मला नवे होते. तिला रडताना मी अकरा वर्षांपूर्वी शेवटचे पाहिले आहे.

अठराच्या अठरा जणींना माहीत होते. बेकरीवालीला माहीत होते. पोस्टात शिक्के मारणाऱ्या बाईला माहीत होते आणि तिने माझ्या सांगण्यावरून तीस चेंडू मारले, कारण माझी मुलगी 'मार' म्हणाली. प्रशिक्षकालाच तेवढे माहीत नव्हते.

बायको माझा डबा भरते, समोर ठेवते, दुसऱ्या खोलीत जाते.

१६ तारीख, रविवार

काल मुलीला घरी आणले. पलंगावर पालथी पडून आहे, कपाळ उशीच्या खोबणीत. तिचा चेहरा बघायचा तर जमिनीवर उताणे पडून पलंगाच्या कडेखाली मान न्यावी लागते. दुपारी मी तसा पडलो. पाठीत कळ आली. वरून तिने एका डोळ्याने पाहिले. दुसऱ्यावर पट्टी.

"काय करताय बाबा?"

"पाहणी."

"धूळ आहे का खाली?"

"भरपूर."

सामना मेहुण्याने खेळवला, खुर्चीत बसून. नर्सचा फोन आला होता. दोन-एक हरलो. तिने विचारले की मी यावर लिहिणार का. मी म्हणालो, सामना पाहिलेला नाही. "बरं झालं," ती म्हणाली आणि फोन मुलीकडे द्या म्हणाली. मी फोन स्पीकरवर करून जमिनीवर ठेवला. दोघी पाऊण तास बोलल्या. मुलगी हसली, दोनदा. मी दाराबाहेर उभा राहून मोजले.

नंतर पुन्हा आत जाऊन खाली पडलो.

"एक विचारू?"

"हं."

"मला का नाही सांगितलंस?"

तिने कपाळ खोबणीत नीट बसवले. उलटे असल्याने तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हते. मग म्हणाली, "तुम्ही आधी हसला असता."

"काय बोलतेस! मी लगेच दवाखान्यात नेलं असतं."

"नेलं असतंत ना. मला माहितेय. हातातलं टाकून नेलं असतंत. पण आधी हसला असता." मग, मला बरे वाटावे म्हणून असेल, म्हणाली, "चांगलंच वाक्य असतं. पण मला तेव्हा नको होतं."

मी नाही म्हणणार होतो. पण तिथे पडल्या पडल्या मला ते वाक्य सुचलेच. दोन महिन्यांपूर्वी तिने सांगितले असते तर मी काय म्हणालो असतो, ते शब्दाला शब्द, स्वल्पविरामासकट सुचले. इथे लिहीत नाही.

आता ती झोपली आहे. बायको तिच्या पायाशी बसून पेपर वाचते आहे, माझे पान उलटून पुढे गेली.

डोळ्याचे काय व्हायचे ते दहा दिवसांनी कळेल. त्याची काळजी आहे, पण ती आम्ही सगळे मिळून करतो आहोत, डॉक्टरही करताहेत. मला एकट्याला वाटते ती भीती वेगळी आहे. तिच्या आयुष्यात पुढे आणखी काय काय होईल. आजार होईल, कोणी फसवेल, कोणी आवडेल, काही हातचे जाईल. आणि तेव्हाही सगळ्यांना सांगून झाल्यावर, अगदीच लपवता येईना म्हणून, ती मला सांगेल.